हूकची चौदा अक्षरे आणि लीनचे मासिक तक्ते

अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी पदार्थबलशास्त्राच्या तासाला जो नियम फळ्यावर लिहून दिला जातो, आणि ज्याच्या आधाराने पुलाची तुळई, मोटारीचे कमानपाटे व काट्यातील स्प्रिंग ही सारी आखली जातात, तो रॉबर्ट हूकचा नियम जगापुढे प्रथम आला तेव्हा तो कोणालाही वाचता येऊ नये अशीच त्याच्या कर्त्याची इच्छा होती. १६७६ सालच्या एका छोट्या पुस्तिकेच्या शेवटी हूकने आपल्या शोधांची यादी जोडली आणि तीत या नियमाच्या जागी लॅटिन वर्णमालेच्या क्रमाने नुसती चौदा अक्षरे मांडून ठेवली. दोन वर्षांनी, १६७८ साली, त्याने ती जुळवून दाखविली तेव्हा त्यांतून चार शब्दांचे एक वाक्य निघाले, आणि त्याचा अर्थ ताणाच्या प्रमाणात बल असते एवढाच होता. हे आपल्याला सुमारे अठरा वर्षांपूर्वीच उमगले होते, परंतु त्याचा एका विशिष्ट कामी उपयोग करण्याचे मनात असल्यामुळे आपण ते प्रसिद्ध केले नाही, असा खुलासाही त्याने तेथेच करून ठेवला आहे. ज्या नियमावाचून आज एकही यंत्र आखता येणार नाही, तो अठरा वर्षे एका माणसाच्या दप्तरात कुलूपबंद होता.

यात हूकला एकट्यालाच दोष देणे न्याय्य होणार नाही. त्याच्या कितीतरी आधी, १६१० साली, गॅलिलिओने शनीविषयीचे आपले निरीक्षण असेच अक्षरांची उलथापालथ करून केप्लरपर्यंत पोहोचविले होते. हायगेन्झने शनीच्या कड्याचा शोध याच रीतीने नोंदविला, आणि खुद्द न्यूटननेही लायब्नित्ससाठी लिहिलेल्या पत्रात आपल्या कलनशास्त्राचे मर्म अक्षरांच्या गाठोड्यात बांधून ठेवले. शोध उघड केला तर त्याचे श्रेय दुसरा घेऊन जाईल, आणि न केला तर तो आपल्याला आधी लागला होता याला पुरावा राहणार नाही, या पेचातून त्या काळच्या विद्वानांनी काढलेली ही वाट होती. या पेचावरचा खरा तोडगा मात्र हूकच्या शेजारीच तयार होत होता. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ६ मार्च १६६५ रोजी 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक सुरू केले. त्यात लेख छापून आला की त्यावरील तारीख हीच श्रेयाची पावती ठरू लागली, आणि जो प्रथम उघड करील त्याचाच मान, अशी वहिवाट हळूहळू पडत गेली. ज्ञान दडविण्यात जो लाभ होता तो उघड करण्यात आणून ठेवणारी ही तजवीज विज्ञानाच्या इतिहासातील कोणत्याही मोठ्या प्रयोगाइतकीच महत्त्वाची आहे, असे मला वाटते.

आज 'मुक्त विज्ञान' या नावाने जी चळवळ ओळखली जाते, आणि जिची सनद म्हणून १४ फेब्रुवारी २००२ रोजी प्रसिद्ध झालेल्या बुडापेस्ट येथील जाहीरनाम्याकडे बोट दाखविले जाते, तिचा आग्रह थोडक्यात असा आहे की, शोधनिबंध कोणालाही विनामूल्य वाचता यावा. आणि तेवढ्यावर न थांबता ज्या मोजमापांवरून, ज्या आज्ञावलीने व ज्या पद्धतीने निष्कर्ष काढला ती सारी सामग्रीही वाचणाऱ्याच्या हाती द्यावी. हा विचार शुद्ध विज्ञानाच्या मंडळींचा असून अभियंत्यांना तो परवडणारा नाही, कारण अभियंत्यांची विद्या बाजारात विकली जाते, असे मत अनेक सुजाण सहकाऱ्यांकडून मी ऐकले आहे. त्यांना मी नेहमी कॉर्नवॉलच्या खाणींची हकीकत सांगतो.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या या मुलखात तांबे व कथील विपुल. परंतु दगडी कोळसा मात्र मुळीच नाही. खाणी जसजशा खोल गेल्या तसतसे त्यांत पाणी भरू लागले, ते उपसण्यासाठी वाफेची इंजिने बसविणे भाग पडले, आणि त्या इंजिनांच्या पोटात घालावयाचा कोळसा समुद्रमार्गे वेल्सहून आणावा लागे. त्यामुळे कोळशाची बचत हा तेथे खाण चालू राहते की बुडते याचाच प्रश्न होता. जेम्स वॉटचे सुधारलेले इंजिन जुन्या इंजिनापेक्षा फारच कमी कोळसा खाई. पण वॉट व त्याचा भागीदार बोल्टन हे या बचतीचा एकतृतीयांश हिस्सा खाणवाल्यांकडून वर्षानुवर्षे वसूल करीत, आणि १७६९ साली मिळालेले व पुढे पार्लमेंटच्या कायद्याने १८०० सालापर्यंत वाढविलेले त्यांचे एकस्व इतके व्यापक होते की, दुसऱ्या कोणी वेगळ्या धर्तीचे इंजिन रचले तरी त्याला न्यायालयात खेचले जाई. जोनाथन हॉर्नब्लोअर या कल्पक अभियंत्याचे दोन सिलिंडरांचे इंजिन याच कज्जेदलालीत मागे पडले. मुदत संपली, बोल्टन-वॉटची माणसे निघून गेली, आणि पुढील दहा वर्षांत, इंजिनांची निगा राखणारे कोणी उरले नाही म्हणून, त्यांची कार्यक्षमता वाढण्याऐवजी घसरली. एकस्व संपले म्हणजे प्रगती आपोआप होते, असे मानणाऱ्यांनी ही दहा वर्षे अवश्य ध्यानात ठेवावीत.

१८११ साली जोएल लीन या खाणीच्या व्यवस्थापकाने एक साधा उद्योग आरंभिला. खाणवाल्यांच्या संमतीने त्याने प्रत्येक इंजिनाच्या दांडीवर फेरे मोजणारे कुलूपबंद गणकयंत्र बसविले. पंपाने उचललेल्या पाण्याचे वजन, दट्ट्याची धाव आणि फेऱ्यांची संख्या यांवरून एकूण काम काढले. आणि एक बुशेल, म्हणजे त्याच्या हिशेबाने ९४ पौंड, कोळशात किती कोटी फूट-पौंड काम झाले तो आकडा दरमहा छापून प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. या आकड्याला तेथील लोक इंजिनाची 'ड्यूटी' म्हणत. तक्त्यात खाणीचे नाव असे, सिलिंडरचा व्यास असे, दाब असे, कोळशाचा खप असे, आणि शेवटच्या रकान्यात इंजिनाची जबाबदारी असणाऱ्या अभियंत्याचे नाव असे. कोणाचे इंजिन सर्वांत काटकसरीने चालते हे दर महिन्याला सगळ्या मुलखाला कळे. ते कसे चालते हे पाहण्यासाठी शेजारच्या खाणीचा अभियंता येई. आणि ज्याचे नाव तक्त्याच्या वरच्या अंगाला झळके त्याला नव्या खाणींची आमंत्रणे येत. खाणवाल्यांना यात गमावण्यासारखे काही नव्हते, कारण बहुधा एकाच भांडवलदाराचे हिस्से अनेक खाणींत असत, आणि तांब्याचा भाव त्यांपैकी कोणा एकाच्या हाती नसे. अभियंत्याचेही काही जात नव्हते, कारण त्याची मिळकत युक्ती लपवून वाढत नसून नावलौकिकाने वाढत होती. उघडेपणा टिकला तो या हिशेबाच्या पायावर, आणि असा पाया घातल्यावाचून नुसत्या उपदेशाने तो कोठेच टिकत नाही.

परिणाम काय झाला तो आकड्यांतच पाहावा. आरंभीच्या तक्त्यांत सरासरी ड्यूटी दोन कोटी फूट-पौंडांच्या आत होती. १८४० च्या दशकात ती सहा कोटींच्या आसपास पोहोचली. १८१२ साली रिचर्ड ट्रेव्हिथिकने व्हील प्रॉस्पर खाणीवर उच्च दाबाचे इंजिन उभे केले आणि त्याचे एकस्व घेतले नाही. सॅम्युएल ग्रोजने वाफेच्या नळ्यांना व सिलिंडरला उष्णतारोधक आवरण घालून मोठी मजल मारली. आणि १८३५ साली फोवी कॉन्सोल्स खाणीवरील विल्यम वेस्टच्या इंजिनाने चोवीस तासांच्या जाहीर चाचणीत साडेबारा कोटींचा आकडा गाठला. यांपैकी एकही सुधारणा एका बुद्धीची नव्हती. प्रत्येकाने आधीच्याचा तक्ता वाचून आपली भर घातली. मला या सगळ्यात सर्वाधिक मोह पडतो तो एका लहानशा गोष्टीचा. उष्मागतिकीचा पाया घालणारी सादी कार्नोची १८२४ सालची फ्रेंच पुस्तिका सर्वश्रुत आहे; तिच्या शेवटच्या भागात प्रत्यक्षातील उत्तम इंजिनाचा दाखला म्हणून कार्नोने जे उदाहरण घेतले ते कॉर्नवॉलमधील व्हील एब्रहॅम या खाणीवरील इंजिनाचे. खाडीपलीकडच्या खाणवाल्यांनी कोळसा वाचविण्यासाठी छापलेली माहिती पॅरिसमधील एका तरुण लष्करी अभियंत्याच्या मेजावर पोहोचली, आणि तिच्या आधारावर त्याने निसर्गाचा एक नियम व व्यवहारातील यंत्र यांमधील अंतर मोजले. ही माहिती पुढे कोणाच्या कोणत्या उपयोगी पडेल हे लीनला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. त्याच्या मुलांनी व वारसांनी हे तक्ते १९०४ सालापर्यंत चालविले.

ओल्डेनबर्गच्या नियतकालिकाची वंशावळ मात्र पुढे वेगळ्याच वळणाने गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शोधनिबंधांची नियतकालिके हा मोठ्या नफ्याचा व्यवसाय बनला, आणि त्याची घडण अशी आहे की, प्राध्यापक निबंध लिहितो तो विनामोबदला, दुसरा प्राध्यापक त्याचे परीक्षण करतो तेही विनामोबदला, आणि त्या दोघांच्याच ग्रंथालयांना तो अंक दाम मोजून विकत घ्यावा लागतो. त्याला उतारा म्हणून वाचकाऐवजी लेखकाकडून शुल्क घेण्याची पद्धत आली. पण काही नामांकित नियतकालिकांत एका लेखाचे शुल्क आपल्याकडील प्राध्यापकाच्या कित्येक महिन्यांच्या वेतनाइतके आहे. वाचनाचे दार उघडले आणि लेखनाचे मिटले, इतकाच काय तो फरक. याच पद्धतीच्या आश्रयाने, पैसे घेऊन परीक्षणाशिवाय काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाला मे २०१८ मध्ये आपल्या मान्यताप्राप्त यादीतून एकदम ४,३०५ नावे काढून टाकावी लागली. बढतीच्या अर्जात निबंधांची संख्या मोजली जाते तोवर संख्या पुरविणारे दुकानदार निघणारच. त्या तरुण अध्यापकांना दोष देण्याआधी त्यांच्यापुढे ठेवलेले कोष्टक आपण पाहिले पाहिजे.

भारत सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना या बाबतीत मोठेच पाऊल आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, आणि लाभार्थी म्हणून केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील ६,३०० हून अधिक संस्था असा तिचा विस्तार आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याला जे वाचावयास मिळत नव्हते ते आता मिळते, याचा आनंद मानावयास हवा. परंतु महाराष्ट्रातील अभियांत्रिकीचे बहुसंख्य विद्यार्थी खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांत शिकतात, आणि ते या पहिल्या टप्प्याबाहेर आहेत. शिवाय आपले संशोधन आपणच परत विकत घेण्याची रीत यात बदलत नाही. तिच्याहून मला सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली बंगळूर येथे स्थापन केलेल्या भारतीय विज्ञान अकादमीचा मार्ग अधिक मोलाचा वाटतो. 'साधना' हे अभियांत्रिकीचे नियतकालिक ती चालविते. त्यातील लेख कोणालाही विनामूल्य वाचता येतात आणि लेखकाकडूनही काही मागितले जात नाही. विद्वत्संस्थेने हा भार उचलावा, हीच रीत मला योग्य वाटते.

निबंध वाचावयास मिळाला म्हणजे सर्व काही मिळाले असे मात्र नाही. या दुसऱ्या अडचणीचा अनुभव मला माझ्याच विभागात आला. पायऱ्यापायऱ्यांच्या छेदाच्या तुळयांच्या कंपनांवर २००१ साली सादर झालेला एक पदव्युत्तर प्रबंध, काळ्या रेक्झिनची बांधणी आणि पाठीवर सोनेरी अक्षरे असलेला, आमच्या कपाटात होता. एका विद्यार्थिनीला त्याच विषयात पुढचे पाऊल टाकावयाचे होते. प्रबंधात आलेख होते, समीकरणे होती, निष्कर्ष होते. ज्या आज्ञावलीने ते आलेख निघाले ती मात्र मागच्या पुठ्ठ्याच्या खिशातील फ्लॉपी चकतीवर होती, आणि त्या चकतीवर बुरशी धरली होती. कर्ता परदेशी गेलेला. समीकरणांवरून नव्याने लिहिलेल्या आज्ञावलीचे आकडे छापील आलेखांशी जुळेनात, आणि चूक जुन्या कामात आहे की नव्या, हे सांगण्यास काहीही साधन उरले नव्हते. त्या मुलीचे चार महिने त्यात गेले. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून माझे नाव होते, आणि त्या चार महिन्यांचा जाब मी स्वतःलाच अजून देऊ शकलेलो नाही.

ही गोष्ट एकट्या आमच्या विभागाची नाही, हे मला पुढे कळले. स्टॅनफर्ड विद्यापीठात भूकंपलहरींवरून भूगर्भाचा वेध घेण्याचे शास्त्र शिकविणाऱ्या जॉन क्लेअरबाउट यांच्या ध्यानात १९९० च्या सुमारास हेच आले होते की, विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला की त्याचे काम दुसऱ्याला पुन्हा करता येत नाही. आणि काही महिने लोटले तर त्याला स्वतःलाही येत नाही. त्यांनी आपल्या गटात दंडक घातला की, निबंधातील प्रत्येक आकृती एका आज्ञेसरशी पुन्हा जन्माला यावी, आणि ती येते की नाही याची खूण तिच्या तळटीपेतच असावी. त्यांचेच विचारसूत्र पुढे नेत बकहाइट व डोनोहो या दोघांनी १९९५ साली अशा आशयाचे प्रतिपादन केले की, संगणनावर आधारलेला छापील निबंध ही खऱ्या विद्येची जाहिरात असते. विद्या असते ती आज्ञावलीत व माहितीत.

पण आज्ञावली दिली तरी पुरते काय? या प्रश्नाचे मी वाचलेले सर्वांत प्रामाणिक उत्तर एका उडत्या सापाने दिलेले आहे. आग्नेय आशियातील एक जातीचा साप झाडावरून झेप घेताना बरगड्या फाकवून अंग चपटे करतो आणि हवेत तरंगत दूरवर जातो; त्याचा एक भाईबंद आपल्याकडे सह्याद्रीच्या रानातही आढळतो. अमेरिकेतील यंत्र अभियांत्रिकीच्या प्राध्यापिका लोरेना बार्बा यांच्या गटाने २०१४ साली संगणकावर हवेचा प्रवाह उभा करून दाखविले की, सापाच्या छेदाचा आकार हवेला सुमारे ३५ अंशांनी कलता असेल तर, प्रवाहाचा रेनॉल्ड्‌झ अंक २,००० किंवा अधिक असताना, त्यावरील उचल एकदम वाढते. बार्बांनी २०१२ सालीच एक जाहीर प्रतिज्ञापत्र केलेले होते, आणि त्यात आपल्या गटाची प्रत्येक आज्ञावली, प्रत्येक मुख्य आकृती व तिच्यामागील आकडे निबंधासोबतच खुले करण्याची हमी होती. तेव्हा या कामाचे सर्व साहित्य उघडेच होते. तरीही त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्याने तोच निष्कर्ष आपल्याच दुसऱ्या आज्ञावलीने, 'ओपनफोम' या मुक्तस्रोत प्रणालीने आणि आणखी एका प्रणालीने पुन्हा काढण्याचे ठरविले, तेव्हा त्यास तीन वर्षे लागली. कोठे जाळीची वीण बिघडली, कोठे प्रवाह बाहेर पडण्याच्या सीमेवरील अट चुकली. आणि सर्वांत विस्मयाची गोष्ट अशी की, मूळच्याच आज्ञावलीत समीकरणे सोडविणाऱ्या एका आयत्या संग्रहाची केवळ आवृत्ती बदलली तर उत्तर बदलले. या फजितीचा सविस्तर वृत्तांत त्यांनी २०१७ साली स्वतःच प्रसिद्ध केला. यशाचे निबंध पुष्कळ असतात. अशा निबंधाला अधिक मोठे धैर्य लागते, आणि माझ्या विद्यार्थ्यांना मी तो पहिल्याच आठवड्यात वाचावयास लावतो.

अशा शिस्तीला महागड्या प्रणालींची जरूर नसते. उलट त्या आड येतात, कारण ज्याच्याकडे परवाना नाही त्याला तपासणी करता येत नाही. पवईच्या आय.आय.टी.मध्ये प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेला 'फॉसी' प्रकल्प या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. देशभरातील विद्यार्थ्यांकडून अभियांत्रिकीच्या शेकडो पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे त्याने 'सायलॅब' या विनामूल्य प्रणालीत लिहवून घेतली व सर्वांसाठी ठेवली. पोलादी सांधे व घटक भारतीय मानकाप्रमाणे आखणारी 'ओसडॅग' ही प्रणालीही तेथलीच. आणि 'स्पोकन ट्युटोरियल' या सोबतीच्या उपक्रमातील पाठ मराठीतही ऐकावयास मिळतात. एखाद्या मुलाने किंवा मुलीने मराठी पाठ ऐकत घरच्या संगणकावर पाइपातील दाबघटीचे उदाहरण सोडविले, तर त्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कारखान्याने सोपविलेल्या कामातील आकडे त्याच्या संमतीवाचून खुले करता येत नाहीत, संरक्षणखात्याचे काम तर मुळीच नाही. एकस्वाबद्दल म्हणाल तर ते गुप्ततेचे साधन आहे ही समजूत चुकीची आहे. त्यासाठीच्या 'पेटंट' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थच उघडी सनद असा आहे, आणि काही वर्षांच्या मक्त्याच्या बदल्यात युक्तीचा संपूर्ण तपशील जाहीर करणे हा त्या करारातील अर्धा भाग आहे. मात्र आधी निबंध प्रसिद्ध केला तर नावीन्याचा दावा बहुधा बाद होतो, म्हणून ज्याला एकस्व हवे त्याने अर्ज आधी व लेख नंतर हा क्रम पाळावा. पण आपल्या महाविद्यालयांतून जे वर्षानुवर्षे कपाटात पडून राहते त्यातील फारच थोड्याला अशा कारणांचा आधार असतो. बाकीचे निव्वळ वेळ नाही म्हणून दडते. आणि वेळ खरोखरच नसतो: आठवड्याचे तास, उत्तरपत्रिका, मूल्यांकन समित्यांची कागदपत्रे, प्रवेशाच्या फेऱ्या यांतून उरलेल्या वेळात आज्ञावली नीट लिहून तिचा खुलासा जोडण्याचे जे काम प्राध्यापक करतो, त्याला बढतीच्या कोष्टकात रकानाच नाही. लीनच्या तक्त्यात अभियंत्याच्या नावाचा रकाना होता. तो नसता तर अभियंत्यांनी आपल्या इंजिनांचे आकडे इतक्या तत्परतेने दिले असते असे मला वाटत नाही.

आमच्या विभागात आता प्रबंध स्वीकारण्याआधी एक कसोटी घेतली जाते. विद्यार्थ्याने आपले सर्व साहित्य, वापरलेल्या प्रत्येक प्रणालीच्या आवृत्तीच्या क्रमांकासह, एका जागी ठेवावयाचे. आणि त्या विषयाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याने कर्त्याला एकही प्रश्न न विचारता त्यातून निदान एक आकृती पुन्हा काढून दाखवावयाची. पहिल्या वर्षी सात प्रबंधांपैकी दोनच या कसोटीस उतरले. उरलेल्या पाचांना मुदत वाढवून द्यावी लागली, आणि त्यावरून बराच वाद झाला. गेल्या पावसाळ्यात विदर्भातील एका महाविद्यालयातून, आमच्या परिचयाच्या नसलेल्या एका विद्यार्थिनीचे पत्र आले. तुळयांवरील त्याच कामाची नवी आज्ञावली तिने आमच्या खुल्या संग्रहातून उतरवून घेतली होती, आणि आधाराच्या अटीतील एक चिन्ह धनाऐवजी ऋण हवे, असे तिने दोन ओळींत लिहिले होते. आम्ही ते तपासले. तिचे म्हणणे बरोबर होते. दुरुस्ती केली, दुरुस्तीची तारीख नोंदविली, आणि नोंदीच्या शेवटच्या रकान्यात तिचे नाव लिहिले.